वरच्या आळीचा ठराव

शाळेच्या पत्र्यावर पाऊस असा आदळतोय की ग्रामसेवक भाऊसाहेबांना प्रत्येक विषय दोनदा वाचावा लागतो. एकदा पुढं सतरंजीवर बसलेल्या बायकांसाठी आणि पुन्हा एकदा दाराशी छत्र्या मिटवून उभ्या असलेल्या मुंबईकरांसाठी. पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यावर डोंगराच्या सोंडेला धरून बसलेलं हे गाव. ग्रामसभा खरं तर १५ ऑगस्टची. त्या दिवशी धो धो पावसात माणसं आली नाहीत. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी ती गणपूर्ती, पण तेवढीही भरेना. सभा तहकूब झाली आणि सरपंचबाईंनी पुढची तारीख मुद्दाम गणपतीतली धरली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, तरी आज खोलीत पाय ठेवायला जागा नाही. नवी मुंबईच्या बाजारातले माथाडी, घणसोली-कोपरखैरण्याला राहणारे रिक्षावाले, कुणाच्या सुना, कुणाचे जावई, सगळे गावात आहेत. उद्या गौरी येणार म्हणून बायकांचं अर्धं लक्ष घराकडं आहे, पण उठत कुणी नाही.

विषय पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याचा. ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावानं हे काम महाराष्ट्रात २०१५-१६ पासून चालू आहे. गावानं आपल्या गरजा सांगायच्या, त्यांचा प्राधान्यक्रम लावायचा, मग तो आराखडा ई-ग्रामस्वराजच्या पोर्टलवर चढवायचा. भाऊसाहेबांनी फळ्यावर नऊ संकल्पना लिहिल्या आहेत. गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही, जलसमृद्ध, स्वच्छ आणि हरित, पायाभूत सुविधांनी युक्त, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित, सुशासनयुक्त, महिलास्नेही. प्रत्येक काम यांतल्या कुठल्या तरी संकल्पनेत बसवायला हवं. वित्त आयोगाच्या पैशातला मोठा भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच जाणार. उरलेल्या अबंधित पैशात गावानं आपली अक्कल चालवायची.

“दरड कशात बसती?” पुढच्या रांगेतली एक काकी विचारते.

भाऊसाहेब फळ्याकडं बघतात. तरुण आहेत, चार गावांचा कार्यभार अंगावर आहे, आणि मला दिसतं की त्यांना या प्रश्नाचं उत्तर मनापासून द्यायचं आहे. “सामाजिकदृष्ट्या सुरक्षितमधे टाकू,” ते म्हणतात. काकींना ते पटलेलं नाही. त्या वरच्या आळीतल्या.

वरची आळी म्हणजे शाळेपासून दिसणारी, उतारावर एकाखाली एक उतरत आलेली घरं. जांभ्याच्या आणि मातीच्या भिंती, वर कौलं, कुठं कुठं निळा पत्रा. घरांच्या मागं कातळाचा कडा, आणि कडा व घरं यांच्या मधे मातीचा जाड पट्टा, त्यावर गवत आणि उंबराची दोन झाडं. २२ जुलै २०२१ च्या रात्री याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला. त्याच दिवशी घाटापलीकडं महाड तालुक्यातलं तळीये गाडलं गेलं. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. हे गाव वाचलं. मात्र वरच्या आळीच्या माथ्यावर, गवतात, एक भेग पडली. लोकांनी त्या पावसाळ्यात तिच्यात माती लोटली, वरून प्लास्टिक टाकलं. ती बुजली असं सगळे म्हणतात. मग पोलीस पाटील उठतात आणि सांगतात की बुजली नाही, काल आपण वर जाऊन आलो, बोटं आत जातात.

खोलीत एकदम गलका उठतो. प्रत्येकाला काही तरी सांगायचं आहे. एकीच्या घराचं मागचं दार आषाढापासून लागत नाही, चौकट तिरपी झाली आहे. एकाच्या गोठ्याच्या जोत्याखालून पाणी फुटतंय, जिथं कधीच पाणी नव्हतं. मघाच्या काकी उठून उभ्या राहतात, पदर खांद्यावर घट्ट करतात. “उंबराखालचा झरा हाय ना, त्येचं पाणी परवापास्नं लाल येतंय. माझी सासू सांगायची, झरा गढुळला की डोंगुर हालतूय. तुमी तक्त्यात कायबी लिवा. पर ह्ये लिवा.”

सरपंचबाई भाऊसाहेबांना म्हणतात, “लिहा. शब्दाला शब्द लिहा.”

ते लिहितात. आणि ते फार महत्त्वाचं आहे, असं मला वाटतं, कारण त्या बाईनं जे सांगितलं तेच भूवैज्ञानिकही वेगळ्या शब्दांत सांगतील. इथला कातळ बेसॉल्टचा, त्याच्यावर झिजून तयार झालेला मातीचा आणि सुट्या दगडांचा थर. पाऊस लागून राहिला की पाणी भेगांतून त्या थरात मुरतं, खालच्या कातळाशी अडतं, आणि थर जड होत होत आतून सुटू लागतो. पाणी मातीच्या कणांना एकमेकांपासून ढकलतं. मग झरा गढूळ होतो, नवे झरे फुटतात, झाडं कलतात, चौकटी तिरप्या होतात. हे सगळं दरडीच्या आधी दिसू शकतं. बघायला माणूस तिथं असावा लागतो, आणि त्याचं ऐकून घेणारं कुणी असावं लागतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली, तेव्हा ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादी चुकू शकते. म्हणून गावाच्या तोंडून आलेली माहिती यादीपर्यंत पोचण्याचा रस्ता हवा, आणि तो रस्ता या खोलीतून, या वहीतून जातो. दुसरा मला दिसत नाही.

आता घरकुलाचा विषय निघतो. वरच्या आळीतल्या एका तरुणाचं नाव मंजूर यादीत आलं आहे. सेंट्रिंगचं काम करतो, हातावर सिमेंटचे चट्टे आहेत. त्याच्याकडं मंजुरीचा कागद आहे, तो घडी करून पाकिटात ठेवला आहे, आणि बोलताना तो सारखा पाकिटाला हात लावतो. प्रधानमंत्री आवासचे १,२०,००० रुपये, राज्यानं २०२५ साली जाहीर केलेले आणखी ५०,०००, त्यांतले १५,००० छतावरच्या सौर पॅनलसाठी. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी वेगळी, शौचालयाचे १२,००० वेगळे. किमान २५ चौरस मीटरचं पक्कं घर. आयुष्यात पहिल्यांदा एवढा पैसा एका कामासाठी त्याच्या नावावर येणार आहे.

“पहिला हप्ता खात्यावर आलाय,” तो म्हणतो. “ऑफिसातनं फोन येतोय, पाया खांद, फोटो पाठीव. म्या कुठं खांदू?”

इथंच सगळं अडतं. पाया खणला नाही, जागेचा फोटो चढला नाही, तर पुढचा हप्ता थांबतो. पाया खणायचा तर त्याच्याकडं एकच जागा, वरच्या आळीतली, भेगेच्या खालची. आणि तिथं सरकारच्या पैशानं पक्कं घर उभं राहिलं, तर उद्या पुनर्वसनाच्या यादीत आपलं नाव राहील का, ही त्याची खरी भीती आहे. त्याच्या मागं बसलेली त्याची बायको हळू आवाजात त्याला काही सांगते. तो मान हलवतो आणि पुन्हा विचारतो, “भाऊसाहेब, लेखी द्या. हितं बांदू का नको बांदू?”

भाऊसाहेब लेखी देऊ शकत नाहीत. घरकुल ग्रामविकास खात्याचं. धोक्याच्या गावाचं स्थलांतर मदत व पुनर्वसन विभागाचं. जागेची तपासणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची, जमीन महसूलची, आणि डोंगराची वरची बाजू वनखात्याची, शिवाय जवळच सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. यांतला प्रत्येकजण आपलं काम नेमानं करत असेल, पण या पोराला पाया कुठं खणायचा हे सांगणारा एकही माणूस त्यांच्यात नाही. घराचा आराखडा एका कागदावर, विजेचा दुसऱ्या, दरडीचा तिसऱ्या. गावाकडून बघितलं तर हा एकच प्रश्न आहे आणि तो जागेचा आहे. जागा ठरली की घर ठरतं, पॅनल ठरतो, तार कुठून न्यायची ते ठरतं, पाणी ठरतं. जागा ठरत नाही तोवर बाकीची सगळी मंजुरी त्या पाकिटात घडी होऊन राहते.

सरपंचबाई त्याला बसायला सांगतात. “तुझा विषय संपलेला न्हाई. जागेवर येतोच आपण.”

दिवे जातात. कुणी चकार शब्द काढत नाही, इतकं ते रोजचं आहे. दाराशी बसलेला वायरमन मोबाइलवर बोलत व्हरांड्यात जातो. खोलीतल्या अंधारात भाऊसाहेब बॅटरीच्या उजेडात वाचत राहतात. समोर कोयना आहे, १,९६० मेगावॅटचा वीजप्रकल्प, राज्यातला सगळ्यांत मोठा जलविद्युत प्रकल्प. पलीकडं वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या. ती वीज राज्यभर जाते आणि जायलाच हवी. पण या सोंडेवर चढणारी तार जंगलातून येते, फांदी पडली की तुटते, आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस जोडता येत नाही, कारण माणूस खांबापर्यंत पोचू शकत नाही.

बचत गटाचं काम बघणारी एक मुलगी उठते. बारावी झालेली, गावात राहिलेली. तिला सौरऊर्जेवर बोलायचं आहे. ती याच तालुक्यातली मान्याचीवाडी बघून आली आहे, राज्यातलं पहिलं सौरग्राम. तिथल्या घरांवरचे पॅनल, रस्त्यावरचे दिवे, शून्यावर आलेली बिलं, सगळं तिला पाठ आहे. मुंबईकरांपैकी एकजण लगेच म्हणतो की मग आपणही प्रत्येक घरावर बसवू, केंद्राचं अनुदान आहे, एका किलोवॅटला ३०,०००, तीनला ७८,०००. मुलगी मान हलवते.

“घरोघरी नंतर बघू. आधी शाळेवर. आणि आधी बॅटरी.” ती एकेक गोष्ट बोटांवर मोजते. वीज गेली की काही तासांत टॉवर बंद पडतो. टॉवर बंद पडला की इशाऱ्याचा मेसेज येत नाही, तलाठ्याचा फोन लागत नाही, रुग्णवाहिका बोलावता येत नाही. एकवीस साली त्या रात्री खालच्या गावानं वर फोन लावला होता, तो लागलाच नव्हता. “मला पंख्याला वीज नको. रात्री मोबाइल चालू पायजे आणि भोंगा वाजला पायजे.”

वायरमन आत येऊन उभा आहे. तो तिला अडवतो, पण तिच्याच बाजूनं. श्रावणात इथं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा पॅनल उन्हाळ्यातल्यासारखी वीज देणार नाही, हिशेब पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांचा धरा, बॅटरी मोठी घ्या आणि तिच्यावर फक्त भोंगा, चार दिवे आणि मोबाइल चार्जिंग ठेवा, असं तो सांगतो. मागून आवाज येतो, टीव्हीबी लावायचा. वायरमन ठाम आहे. “टीव्ही लावला तर दोन दिवसांत बॅटरी बसंल. मग भोंगा कशावर?” एवढं नेमकं तांत्रिक बोलणं मी मोठ्या शहरातल्या बैठकांत क्वचित ऐकलं आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचा विषय आला तसा जातो. त्यात जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये मिळतात, आणि प्रकल्प झाला की ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख. पण त्याला उपकेंद्राजवळ सलग सपाट जमीन लागते. “सपाट जमीन असती तर घरं नसती का बांदली?” एक आबा म्हणतात, आणि विषय मिटतो.

पर्जन्यमापकावर मात्र बराच वेळ जातो. महसूल मंडळाला एक स्वयंचलित हवामान केंद्र असतं, ते खाली खोऱ्यात आहे. तिथं ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी. सोंडेवर त्याच रात्री किती पडला हे कुठंच नोंदलं जात नाही, आणि डोंगरावरचा पाऊस खाली पडणाऱ्या पावसाइतकाच असतो असं इथं कुणीच मानत नाही. शाळेचे गुरुजी म्हणतात, साधा नळीचा पर्जन्यमापक अंगणात बसवू, मुलं सकाळी आकडा फळ्यावर लिहितील. सुट्टीत कोण लिहिणार, यावर वाद होतो. पोलीस पाटलांनी लिहायचं ठरतं. किती मिलिमीटरला वरची आळी खाली शाळेत आणायची, हा आकडा आज ठरत नाही. गुरुजी दोनशे म्हणतात, काकी म्हणतात आकड्याची वाट बघू नका, झरा बघा. शेवटी ठरावात दोन्ही जातात, पाऊस आणि झरा. अबंधित निधीतून पहिला खर्च पर्जन्यमापकाचा, मग बॅटरीचा, मग शाळेच्या पत्र्याचा, कारण माणसं जिथं आणायची ती खोली कोरडी हवी. एका कोपऱ्यात बादली ठेवली आहे, ती मघापासून दोनदा रिकामी केली गेली आहे.

पाऊस थोडा ओसरतो. सरपंचबाई म्हणतात, जागेवर बोलू.

बोलण्यासारखी जागा एकच आहे. गावाच्या खाली, ओढ्याच्या अलीकडं, पायवाटेनं दहा मिनिटांवर एक लांबट टेपाड आहे, उतार कमी, वर कडा नाही. मुरमाड, भात होत नाही, नाचणी करायचे तीही आता कुणी करत नाही. भूजल सर्वेक्षणवाल्यांना दाखवायची असं सगळ्यांचं मत आहे, तरी एकजण माळीणची आठवण काढतो. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली, २०१७ च्या एप्रिलात नवं गाव लोकांच्या ताब्यात आलं, आणि त्याच वर्षी पहिल्या पावसात तिथले रस्ते खचले, भराव वाहिला. तिथं त्याचे नातेवाईक आहेत. “डोंगुर कापून सपाट करू नका,” तो सांगतो. “हाय त्या उतारावर बांदा. आन् आदी गटारं काढा, मग घरं.” भाऊसाहेब हेही लिहून घेतात. हा माणूस सातवी शिकला आहे. राज्याच्या कुठल्याही नव्या वसाहतीच्या नकाशावर हे दोन मुद्दे पहिल्या ओळीत यावेत, इतके ते मोलाचे आहेत.

टेपाड एका भावकीचं आहे. सातबाऱ्यावर वीसच्या वर नावं, त्यांतली कितीतरी मेलेल्या माणसांची, वारस नोंदी झालेल्या नाहीत. जमीनच नसलेल्याला घरकुलासाठी ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून एक लाखापर्यंत मदत मिळू शकते. पण विकत घ्यायला विकणारा एक माणूस असावा लागतो, वीस नव्हे. भावकीतले थोरले नाना भिंतीला टेकून बसले आहेत, माथाडी म्हणून आयुष्य काढलेले, पाठ वाकलेली. सगळे त्यांच्याकडं बघतात.

नाना लगेच हो म्हणत नाहीत आणि कुणी तशी घाईही करत नाही. कोयनेच्या धरणात त्यांच्या आज्याचं गाव गेलं होतं, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मिळालेल्या शब्दांचं काय झालं, तेही. भूकंपाच्या वर्षी, १९६७ च्या डिसेंबरात, ते लहान होते, महिनाभर अंगणात झोपल्याचं त्यांना आठवतं.

“आमी जागा देतू,” ते अखेर म्हणतात. “पर दोन गोष्टी. कागूद झाल्याबिगर कुदळ लावायची न्हाई. आन् वरच्या आळीतलं एकबी घर मागं सोडायचं न्हाई. ज्याचं यादीत नाव हाय त्यो खाली, आन् ज्याचं न्हाई त्यो भेगंखाली, असं करायचं असंल तर माझी सही मागू नका.”

वरच्या आळीत घरकुलाच्या यादीत नाव नसलेली घरं जास्त आहेत. दोन विधवा, एक एकटा म्हातारा, मुंबईला गेलेल्यांची बंद घरं. त्यांची नावं नव्या सर्वेक्षणात का आली नाहीत, यावर पुन्हा आवाज चढतात. भाऊसाहेब प्रत्येकाचं नाव विचारून वेगळ्या पानावर लिहितात. ठरावाचा मसुदा तिसऱ्यांदा बदलतो. वरची आळी पूर्ण स्थलांतरित करावी, घरकुल मंजूर असलेल्यांचा निधी नवी जागा निश्चित होईपर्यंत परत घेऊ नये, यादीबाहेरच्या घरांचा प्रस्ताव त्याच फाइलमधे जोडावा, प्रत जिल्हाधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी. काकी मधेच थांबवतात. झऱ्याचं वाक्य वाचून दाखवा. ते वाचून दाखवलं जातं.

आता राहिलं सह्यांचं. नाना हिशेब सांगतात. भावकीतला एक चुलतभाऊ घणसोलीचा, तो आज गावात आहे. त्याचे दोन भाऊ कळंबोलीचे, तेही गणपतीला आलेत. एक बहीण उंब्रजला दिलेली, ती गौरीला माहेरी येणार. मेलेल्यांच्या वारसांचे दाखले आणि वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं लागणार. विसर्जन झालं की रात्रीच्या गाड्यांनी सगळे परत जातील, आणि मग शिमग्याशिवाय ही माणसं एका ठिकाणी सापडणार नाहीत. सरपंचबाई बचत गटाच्या मुलीला वही देतात. संमतीपत्राचा नमुना भाऊसाहेब संध्याकाळी छापून आणणार, आधारच्या झेरॉक्स खाली बाजारात काढाव्या लागतील, म्हणून सेंट्रिंगवाला पोरगा आपली मोटारसायकल देतो. मुलगी नावं लिहायला घेते. नाना एकेक घर सांगतात आणि ती विचारते, कुठल्या घरी उतरलेत, किती दिवस आहेत, सही करतात का अंगठा.